व्याह्याचा बांध आणि माझी खांड

मला हॅम्बर्ग बघायचं नव्हतं, तारा बघायची होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की म्हातारा एवढ्या लांब गेला नि एक राजवाडा बघून आला नाही. मी बांध बघितला, मेंढ्या बघितल्या आणि व्याही बघितला. व्याही जरा जास्तच बघितला.

मी अलिबागकडच्या खारेपाटातला. चौथी शिकलो आणि खारात उतरलो. खारेपाट म्हणजे समुद्राच्या तोंडातून ओढून घेतलेली जमीन. मातीचा बांध घालायचा नि आत भात लावायचं. बांधाला उघाडी असते, म्हणजे पाण्याचा दरवाजा. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर जातं. भरती आली की समुद्र स्वतःच झडप दाबून बंद करतो, तिथं माणूस लागत नाही. एवढं ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

माझी बायको चांगुणा गेल्या आषाढात गेली. मुलगा निलेश हॅम्बर्गला, विमानं बनवतात तिथं इंजिनिअर. सून एलोडी कॅनडाची, पण तिकडच्या फ्रेंच बोलणाऱ्यांतली. त्यांची पाच वर्षांची तारा. दर रविवारी चांगुणा ताराला फोनवर कोंबड्या दाखवायची, तळ्यातला जिताडा मासा दाखवायची. ती मराठीत बोलायची, पोरगी जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि दोघींचं काही अडायचं नाही. मी मागं खाटेवर असायचो. ती गेली आणि रविवार रिकामा झाला.

पुढच्या वर्षी तारा शाळेत जाणार. तिकडं शाळा लागली की मधेच रजा नाही, बुडवली तर आईबापांना दंड. म्हणजे ही थंडी शेवटची मोकळी. या थंडीत पोरगी आमच्या गावी यावी, मडक्यात भाजलेली वालाच्या शेंगांची पोपटी खावी, आजीचं घर बघावं, एवढंच मागायला मी निघालो. फोनवर विचारलं होतं, तर निलेश म्हणाला, "बाबा, आई असती तर गोष्ट वेगळी." ते वाक्य उरात घेऊन मी विमानात बसलो.

विमानतळ

दारातून बाहेर आलो तर समोर तारा, एका उंच, लाल तोंडाच्या म्हाताऱ्याचं बोट धरून. माझ्याकडं बघून हसली नाही. माझ्या मागं बघत होती. दार उघडायचं, माणसं यायची, ती वाकून बघायची. मग जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली. निलेशनं तिला उचललं नि कानात काही सांगितलं.

"काय म्हणते?"

"काही नाही बाबा. आल्झो, बॅग द्या इकडं." आल्झो म्हणजे तिकडचं 'बरं तर'.

गाडीत बसल्यावर मी पुन्हा विचारलं, तेव्हा कुठं बोलला. "आजी कुठाय, असं विचारत होती."

तो लाल तोंडाचा म्हातारा म्हणजे माझा व्याही रेने. शेजारी विहीणबाई जिनेट, गळ्यात नवऱ्याचाच मफलर. दोघं तीन आठवडे आधी येऊन बसले होते. खिडकीची खोली त्यांची, मला दिवाणखान्यातला ओढून लांब होणारा सोफा. तारा व्याह्याला 'पेपेर' म्हणते, म्हणजे आजा. विहिणीला 'मेमेर'. मला काहीच म्हणत नव्हती. निलेशला विचारायची, "तो जेवला का?" आणि ते पण जर्मनमध्ये.

मला जळलं. खोटं कशाला लिहू? आणि नुसतं पोरीवरून नाही. सकाळी व्याही उठायचा, तर विहीणबाई त्याच्या शर्टाची कॉलर मागून सरळ करायची. रोज. त्याला कळायचं पण नाही. कळायचं नाही याचंच मला जास्त जळलं.

जवळा

मी घरून तांदळाचं पीठ, पांढऱ्या कांद्याची माळ आणि सुका जवळा नेला होता. तिकडं सकाळी पावच खातात. पाव चांगला असतो, नाही असं नाही, पण दगडाचा भाऊ. कुरतडत बसावं लागतं. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, आज मी करतो. चांगुणा आजारी होती तेव्हा भाकऱ्या शिकलो होतो. वाकड्या होतात, पण होतात.

तवा तापला, कांदा पडला, जवळा पडला, आणि छतावर जी पांढरी डबी होती ती अशी बोंबलली की माझ्या हातातलं उलथनं खाली पडलं. तिकडं प्रत्येक खोलीत धूर ओळखणारी डबी असते, कायदाच आहे. निलेश धावत आला.

"बाबा, खिडकी उघडा म्हणालो होतो ना!"

"उघडली तर वास जाईल, शेजारीण येईल, हे पण तूच म्हणालास."

"थोडी उघडायची!"

"थोडी म्हणजे किती, ते नव्हतं सांगितलंस."

तेवढ्यात व्याही टॉवेल घेऊन खुर्चीवर चढला. डबीखाली टॉवेल गरागरा फिरवला. डबी गप्प झाली. तारानं टाळ्या वाजवल्या. "पेपेर! पेपेर!" जवळा माझा आणि टाळ्या त्याला.

मी मनात म्हटलं, आता हा नाक मुरडील. विहीणबाईंनी मुरडलंच. पण व्याह्यानं माझी वाकडी भाकरी मोडली, जवळा घेतला, खाल्ला, परत घेतला, बोटं चाटली. एलोडीनं सांगितलं, त्यांच्याकडं आजी मीठ लावलेला मासा फळ्यांवर वाळवायची, ती चव आठवली म्हणे. मला त्याचा राग करायचा होता नि हा माणूस माझी भाकरी खाऊन मोकळा झाला. अशानं माणसाची अडचण होते.

शपथ

त्या आठवड्यात पाऊस लागला. हॅम्बर्गचा पाऊस धड पडत नाही, धड थांबत नाही. सगळी मंडळी घरात. संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा मी सरळ विचारलं. "व्याही, तुमच्या मुलखात इंग्रजाचं राज्य आलं. मग तुमची फ्रेंच भाषा कशी राहिली? आमच्या निलेशवर कुणी राज्य केलं नाही, तरी त्याच्या घरातून मराठी गेली."

निलेश म्हणाला, "बाबा, हे पण ट्रान्सलेट करू?"

"शब्दन् शब्द कर."

केलं त्यानं, कान लाल करून. व्याह्यानं चमचा ठेवला. मग तो फ्रेंचमध्ये सांगायला लागला. एलोडी ते इंग्रजीत सांगायची, निलेश मराठीत. गोष्ट तीन घरं फिरून माझ्यापर्यंत यायची, पण पोचायची.

त्याच्या लोकांना अकादी म्हणतात. अडीचशे वर्षांमागं, त्याच्याही आधीपासून, ते एका खाडीच्या काठी राहायचे. तिथं भरती अशी येते की झाडाएवढं पाणी चढतं. तिथं त्यांनी बांध घातले नि आत गहू काढला. इथं माझा कान उभा राहिला. मी म्हटलं, "बांध? खाऱ्या पाण्यात?" व्याही म्हणाला, "खाऱ्या पाण्यात. मातीचा. लाकडी नळी घालून, आत झडप." मी मनात म्हटलं, बघू.

तर ती जमीन फ्रान्सच्या राजाकडून इंग्रजाकडं गेली. इंग्रज म्हणाला, आमच्या राजाची शपथ घ्या. हे म्हणाले, घेतो, पण आम्ही फ्रेंचांवर हत्यार उचलणार नाही, तेवढं सोडून. बरीच वर्षं असंच चाललं. कुणी अधिकारी कानाडोळा करायचा, कुणी दम द्यायचा. मग एक असा आला की म्हणाला, शपथ पुरी घ्या, नाहीतर निघा. यांनी नाही घेतली. मग जहाजं आली. माणसं भरली, नवरा एका जहाजात, बायको दुसऱ्या. परत येऊ नयेत म्हणून घरं जाळली.

तारा त्याच्या मांडीवर होती. तिनं ही गोष्ट बहुतेक खूपदा ऐकली असावी, कारण जहाजं यायच्या आधीच तिनं डोळ्यांवर हात ठेवले.

तेवढ्यात विहीणबाई मधे बोलल्या. त्या त्याच देशाच्या, पण वरच्या बाजूच्या, मोठ्या नदीकाठच्या फ्रेंच. त्यांचं शहर इंग्रजानं नंतर जिंकलं. पण तिथं त्यानं दुसरंच केलं. पहिली काही वर्षं सगळ्यांना इंग्रज करायचं डोक्यात होतं. मग बघितलं की हे लोक फार आहेत, आणि खालच्या बाजूच्या इंग्रजांच्याच वसाहती डोकं वर काढतायत. तेव्हा कायदा केला की तुमचा पाद्री ठेवा, तुमचा जमीनजुमल्याचा कायदा ठेवा. शपथेतले शब्दसुद्धा बदलून दिले, म्हणजे त्यांच्या धर्माच्या माणसाला ती घेता यावी.

व्याही त्यांच्याकडं बघून काहीतरी बोलला. एलोडी हसली.

"काय म्हणतो?" मी विचारलं.

निलेश म्हणाला, "म्हणतायत, आम्हाला जहाज दिलं नि हिच्या लोकांना शब्द बदलून दिले. लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली, अजून हाच विषय."

"विहीणबाई काय म्हणतात?"

"म्हणतायत, जळतो मेला."

मला बरं वाटलं. म्हटलं, चला, हा पण जळणाऱ्यांतला आहे.

मी विहीणबाईंना विचारलं, "तुमच्याकडं जमीनदार होते? पिकातला वाटा उचलणारे?" होते म्हणाल्या, इंग्रजानं त्यांना पण ठेवलं. मी म्हटलं, "मग आम्हाला नका सांगू. आमच्याकडं पण साहेबानं खोत जागच्या जागी ठेवले. साहेब वर बसला, खोत मधे, आणि आमचा आजा तसाच चिखलात. राहू दिलं म्हणजे मोठ्यांचं राहू दिलं." विहीणबाई आधी रागावल्या, मग म्हणाल्या, "गेनाऊ." जर्मन शब्द, म्हणजे अगदी बरोबर. त्या घरात सगळेच तो वापरतात. नंतर नंतर मी पण वापरायला लागलो.

पण व्याह्याच्या लोकांचं मला पटलं नव्हतं. मी म्हटलं, "व्याही, रागावू नका, पण तुमचे पूर्वज येडे. शपथ घ्यायला काय जातं? तोंडानं घ्यायची, पोटात ठेवायची. घर राहिलं असतं, बांध राहिला असता."

हे तीन घरं फिरून गेलं. व्याही रागावला नाही. म्हणाला, "मी लहानपणी आजीला हेच विचारलं होतं. ती म्हणाली, खोटी शपथ घेणाऱ्याच्या बांधाला पाणी ओळखतं."

मी हसलो. पण मला त्याच्या गोष्टीचंच जळलं. त्याच्या लोकांना हाकललं, लुटलं, तरी भाषा नातीच्या तोंडात आहे. विहिणीच्या लोकांना मुठीत ठेवलं, तरी आहे. आमच्या घरातून भाषा न्यायला कुठलं जहाज आलं नाही. ती आपली आपण गेली, चांगल्या पगारावर.

मेंढ्यांचा बांध

शनिवारी ऊन पडलं. निलेशनं सगळ्यांना एल्बे नदीच्या पलीकडं, सफरचंदांच्या मुलखात नेलं. झाडं माणसाच्या उंचीची, ओळीत लावलेली, नि फळांनी अशी वाकलेली की आमच्याकडं असतं तर पोरांनी एक ठेवलं नसतं. तिथं कुणी तोडत नव्हतं. मला ते आवडलं पण नाही आणि आवडलं पण.

आणि मग बांध दिसला.

काय बांध होता! आमच्या देवळाच्या कळसाएवढा उंच, नदीच्या कडेनं लांबच लांब, सगळ्या अंगावर गवत, एक भोक नाही, एक भेग नाही. वर मेंढ्या चरत होत्या. निलेश म्हणाला, त्या मुद्दाम सोडतात, त्या गवत कापतात आणि पायांनी माती चेपून घट्ट करतात. मी चढलो. टाच दाबून बघितली. माती हलेना. मला रडायला आलं, ते मी वाऱ्यावर घातलं.

सफरचंदं विकणारी एक बाई होती, आमच्या वयाची. तिनं त्यांच्याकडची जुनी म्हण सांगितली, जो बांध घालणार नाही त्यानं गाव सोडावं. मी म्हटलं, आमच्याकडं पण जोळ असायची. जोळ म्हणजे घरटी एक माणूस बांधावर, फुकट. जो येणार नाही त्याचं पाणी गाव अडवायचं. व्याही म्हण ऐकून हसला. म्हणाला, "आम्ही घातला, तरी गेलो."

मग तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला आणि एलोडीकरवी विचारलं, "तुमचा बांध अजून उभा आहे?"

आता खरं सांगतो. आमच्या बांधाला खांड पडली होती. चांगुणा गेली त्याच पावसात, मोठ्या उधाणाला बांध फुटला. मी सुतकात, घरात. गावात जोळीला येणारी पोरं उरली नाहीत. समुद्र आत आला तो गेलाच नाही. आमच्या शेतात आता खारं पाणी नि कांदळाची रोपं. हे मी निलेशला सांगितलं नव्हतं. आई गेली, वर हे कशाला.

पण समोर तो बांध, त्या मेंढ्या, आणि व्याह्याचं बोट धरून तारा. मी म्हटलं, "उभा आहे तर. आजोबांनी घातलेला. आत भात डोलतंय."

निलेशनं ते छाती फुगवून सांगितलं. पहिल्यांदाच तो माझं काहीतरी छाती फुगवून सांगत होता. व्याह्याचे डोळे मोठे झाले. त्याच्या लोकांच्या हातचा बांध त्याच्या घराण्याकडं कुठं राहिलाय? संध्याकाळी त्यानंच विषय काढला. या थंडीत ठरलंय तसं आमच्याकडं कॅनडाला नको, आपण सगळे ताराच्या दुसऱ्या आजोबांचा बांध बघायला जाऊ. एलोडीनं मोबाईलमध्ये तारखा बघितल्या. "बाबा, जानेवारी?" एवढं तिला मराठीत येतं.

जे मागायला गेलो होतो ते न मागता मिळालं. मला तारा हवी होती, व्याही नको होता, पण म्हटलं, चालेल. दोन दिवस मी फार चांगला वागलो. व्याह्याला कांदा कापून दिला.

वाळू

शेवटच्या रविवारी आम्ही फेरीबोटीनं एल्बेच्या वाळूवर गेलो. तिकडं बसच्याच तिकिटावर बोट चालते. आमच्याकडं मांडव्याच्या लाँचला लागते तशी झुंबड नाही. समोर पाण्यात बंदर, नि इमारतीएवढी जहाजं ये-जा करतात. एल्बेला समुद्राची भरती-ओहोटी असते. ओहोटी होती, वाळू ओली होती. तारा भिजलेल्या वाळूत हात घालून बसली.

मी तिच्याजवळ बसलो. वाळूचा बांध घालायला लागलो. तिनं बघितलं, मग तिनंही घातला. जरा वेळानं पलीकडून दोन लाल हात आले. व्याही. गुडघे वाजवत बसला. मी म्हटलं, झालं, आता हा घेणार. पण त्याला पण बांध येत होता, तो कशाला सोडील? मधे पाणी जायला वाट ठेवली, त्यानं आइस्क्रीमच्या काडीची झडप केली. आणि आत लावली.

मी म्हटलं, "बाहेर."

तो म्हणाला, "आत." त्याच्या भाषेत, पण हातानं कळलं.

"अहो व्याही, समुद्राच्या बाजूनं पाहिजे, बाहेरून. पाणी दाबतं ती."

त्यानं डोकं हलवलं, बोट नळीसारखं करून दाखवलं, की त्यांच्याकडं नळीच्या पोटात असते. मी काडी काढून बाहेर लावली. त्यानं काढून आत. निलेश मागं उभा राहून हसत होता. "जा, जा, भांडा. दोघांना एक भाषा येत नाही, तरी भांडताय." तारा एकदा माझ्याकडं, एकदा त्याच्याकडं बघायची. तिला मजा येत होती. त्या घटकेला मला कुणाचंच जळलं नाही. तेवढी एकच घटका.

तेवढ्यात एक मोठं जहाज गेलं. त्याच्या मागं लाट उठते, ती जरा उशिरा येते, आमच्या ध्यानात नव्हतं. आली, आणि बांध, झडप, काडी सगळं घेऊन गेली.

तारा उठून उभी राहिली. मग माझ्याकडं बघून काहीतरी विचारलं. पहिल्यांदा मला, निलेशला नाही.

निलेश म्हणाला, "विचारते, तुमचा खरा बांध पण असा पडतो का?"

"नाही गं. तो उभा आहे."

तारानं आणखी एक शब्द उच्चारला. "विर्कलिश?" तो मला सांगावा लागला नाही. खरंच का, असा तो शब्द होता. पाच वर्षांच्या पोरीचे डोळे सगळ्या भाषांत तेच विचारतात.

आमच्याकडं अशा वेळी काय करतात, तुम्हाला ठाऊक आहे. पोराच्या डोक्यावर हात ठेवायचा नि म्हणायचं, तुझी शपथ. माझा हात सवयीनं उठला. तिच्या केसांपर्यंत गेला. आणि तिथंच थांबला.

खोटी शपथ पोराच्या डोक्यावर घेतली तर काय होतं, ते पण आमच्याकडं लहानपणापासून सांगतात. मी ते कधी मानलं नव्हतं. व्याह्याच्या पूर्वजांना येडे म्हणून झालं होतं माझं. तो समोरच बसला होता, ओल्या गुडघ्यांनी, आणि माझ्या हाताकडं बघत होता. त्याला आमची चाल ठाऊक नसेल, पण हात का थांबला हे त्याला कळलं, असं मला वाटलं.

मी हात मागं घेतला.

"निलेश, सांग त्यांना. खांड पडलीय. तुझी आई गेली त्या पावसात. आत खारं पाणी आहे. भात नाही."

निलेशचा चेहरा उतरला. "बाबा, मला का नाही सांगितलं?"

"सांगून काय करणार होतास? लॅपटॉप घालून बुजवणार होतास?"

"तसं नाही... फोन करता आला असता तुम्हाला."

"फोन तुझी आई करायची."

त्यानं मान फिरवली. मग एलोडीला सांगितलं, एलोडीनं बापाला. मी ताराकडं बघत होतो. म्हटलं, गेली. जानेवारी गेली, पोपटी गेली, आता पोरगी बर्फात जाणार.

व्याह्यानं बोटानं वाळूत एक रेघ ओढली. मग त्यानं एक गोष्ट सांगितली, जी जेवताना सांगितली नव्हती. अकाद्यांना हाकलल्यावर इंग्रजानं त्यांच्या जमिनीवर दुसरी माणसं आणून बसवली. मोठं वादळ झालं, बांध फुटले. नव्या माणसांना बांध कसा बुजवायचा ते येईना. तेव्हा रानात लपलेले, पकडून कैदेत ठेवलेले अकादी बाहेर काढले, आणि त्यांच्याकडून त्यांचेच बांध बुजवून घेतले, दुसऱ्यांसाठी. त्याच्या घरात सांगतात, त्यांचा कुणी पूर्वज त्या कैद्यांत होता.

मग त्यानं मला विचारलं, "खांड केवढी?"

मी पाण्यातला एक बोया दाखवला. "इथून तिथपर्यंत."

त्यानं डोळे बारीक करून माप घेतलं. म्हणाला, "उभा बांध बघून मी काय केलं असतं? फोटो काढला असता. आमच्या लोकांनी परक्यांच्या खांडी पुष्कळ बुजवल्या. एक आपल्या माणसाची बुजवू दे."

विहीणबाई मागून ओरडल्या. काय ओरडल्या ते निलेशनं न विचारता सांगितलं. "म्हणतायत, आधी तुझे गुडघे बघ."

व्याह्यानं हात झटकला. माझे गुडघे त्याच्यापेक्षा वाईट आहेत. पण ते बोलायला आता कुणी नाही.

घरी

येऊन दोन महिने झाले. जानेवारीच्या शेवटी सगळे येणार आहेत, तिकिटं झाली. विमानतळावर तारानं मला 'आजोबा' म्हटलं का, असं मला गावात सगळे विचारतात. नाही म्हटलं. हात हलवला आणि मग धावत येऊन माझ्या खिशात एक आइस्क्रीमची काडी घातली.

आता रविवारी फोन मी करतो. कोंबड्या दाखवतो, पण चांगुणासारखं जमत नाही, कोंबड्या माझ्याकडं येत नाहीत. मग खांड दाखवतो. ती जर्मनमध्ये काहीतरी विचारते, मी मराठीत सांगतो. बहुतेक वेगवेगळंच बोलतो. कधी मागं व्याही असतो, तो पण त्यांच्या घरून फोनवर आलेला. मग एका फोनवर तीन भाषा. तो मधे बोलला की मला अजून जळतं.

तेवढ्यासाठी मी एक काम सुरू केलंय. रोज ओहोटीला खांडीवर जातो. मातीची ढेकळं टाकतो, पेंढा टाकतो, पायानं चेपतो. मेंढ्या नाहीत, म्हणून मीच. गावातले म्हणतात, म्हाताऱ्याला वेड लागलं, एकट्या माणसानं कधी खांड बुजते का? नाही बुजत, मला ठाऊक आहे. अर्धी माती भरती परत नेते. पण व्याही येईल तेव्हा त्याला दिसलं पाहिजे की पहिली माती माझी होती. ताराला पण दिसलं पाहिजे. परवा शेजारचे दोघं फावडी घेऊन आले, माझ्या बाजूला उभे राहिले. जोळ म्हणावी एवढी नाही, पण माणसं आहेत.

मधोमध एक जागा मी मोकळी सोडलीय, उघाडीपुरती. तिथं मी ढेकूळ टाकत नाही नि कुणाला टाकू देत नाही. ती उघाडी व्याह्यानं बसवायची. लाकूड पण बघून ठेवलंय.

झडप मात्र बाहेरूनच लागेल.